शूटिंगचा म्हसोबा

"दगड कुठाय?" मी विचारलं.

शूटिंगवाले सामान बांधत होते. दिवे ट्रकात चढत होते, सतरंज्या चढत होत्या, खोट्या तलवारी कडब्याच्या पेंढ्यांसारख्या बांधून वर फेकल्या जात होत्या. त्यांचा मॅनेजर, गळ्यात शिट्टी अडकवलेला जाडा माणूस, कानाचा फोन न काढताच माझ्याकडे वळला.

"कुठला दगड, मावशी?"

"हद्दीचा. हितं बांध हुता, बांधावर दगड हुता."

त्याने आमच्या रानावरून एकदा नजर फिरवली. "मावशी, इथे दगडांशिवाय आहे काय?" असं म्हणून तो पुन्हा फोनवर बोलायला लागला. मला मावशी म्हणण्याइतका तो लहान नव्हता, पण ते राहू दे.

आमचं रान डोंगर आणि नदी यांच्या मधलं. आजेसासऱ्यांच्या मागे त्याचे दोन वाटे झाले, एक माझ्या सासऱ्यांचा, एक त्यांच्या धाकट्या भावाचा. मधे रुंद बांध घातला आणि बांधावर गुडघाभर उंचीचा काळा दगड रोवला. त्या दगडाच्या पाठीला, वरच्या कडेजवळ, विळे घासून घासून खाच पडली होती. चुली वेगळ्या झाल्या तरी दोन्ही घरचे विळे त्या एकाच दगडावर घासले जायचे. लग्न होऊन आले तेव्हा मी पाहिलंय, सुगी लागली की सासरे या अंगाला आणि चुलत सासरे त्या अंगाला उकिडवे बसायचे. एकाचा विळा घासून झाला की दुसऱ्याने पुढे व्हायचं. बोलणं असलं तर असायचं, नसलं तर नसायचं.

आमचे हे एसटीत ड्रायव्हर, घरी येणार आठवड्याने. रान मीच बघायची. पलीकडचं रान रघुनाथ भावजींचं, म्हणजे ह्यांच्या चुलतभावाचं. सिनेमावाल्यांना गावात आणलं ते या भावजींनीच. सिनेमावाल्यांना मागे डोंगर आणि पुढे नदी हवी होती, आणि ते दोन्ही घरांचं रान मिळून बसत होतं, एकट्याच्या रानात नाही. आमचे हे हो म्हणाले, मीही मान हलवली. मग माझी आई आजारी पडली म्हणून मी माहेरी गेले. परत येऊन बघते तर बांध सपाट, आणि जेसीबीशेजारी भावजी हात मागे बांधून उभे. हे चित्र मी विसरले नाही.

संशय घ्यायची मला खोड आहे, हे आधीच सांगून टाकते. सासूबाई म्हणायच्या, इंदूनं स्वतःच्या हातानं म्हैस पिळली तरी दुधात पाणी आहे का ते बघेल.

सेट नंतर न्यायला येतो म्हणून ट्रक गेले ते गेलेच. रानात उभी राहिली प्लायवूडची वेस, एक बुरूज, दुकानांची ओळ आणि माझ्या विहिरीपाशी म्हसोबाचं देऊळ. देऊळ थर्माकोलचं, त्यावर सिमेंटचा हात फिरवलेला. देव म्हणे मुंबईहून फायबरचा आणला होता, तो वाटेत फुटला. मग आयत्या वेळी दुसरा बसवला आणि त्याला बोटभर जाड शेंदूर थापून चांदीचे डोळे चिकटवले.

दिवाळीनंतर सिनेमा लागला आणि चालला. त्यात नायिका हातात निरांजन घेऊन या म्हसोबाला फेऱ्या घालते, असं एक गाणं होतं. ते गाणं लग्नाच्या वरातीतही वाजायला लागलं. पहिल्यांदा साताऱ्याची दोन पोरं मोटारसायकलवर आली. मग एक जीप आली. मग रविवारी पुण्याच्या गाड्या यायला लागल्या. डोंगर आमचा आधीपासून होता, नदीही होती, ती बघायला कधी कुणी आलं नव्हतं. माणसं वेशीखाली उभं राहून फोटो काढायची, दुकानांवरच्या सज्जातून डोकं बाहेर काढायची. सज्जाच्या मागे काहीच नव्हतं, नुसते टेकू दिलेले बांबू. लग्न ठरलेल्या पोरी नऊवारी नेसून यायच्या आणि नवऱ्या मुलाला बुरुजावर चढवायच्या.

मी विहिरीपाशी चूल मांडली आणि पिठलं-भाकरी सुरू केली. भावजींच्या अर्ध्या रानात गाड्या लागायच्या. त्यांची बायको कलावती, माझी धाकटी जाऊ, देवळापुढे नारळ-उदबत्ती घेऊन बसायची.

नारळ कशाला लागायचे म्हणाल, तर लोक त्या देवाच्या पाया पडायला लागले होते. आधी गंमत म्हणून, नायिकेसारखं. मग एक बाई पेढे घेऊन परत आली. म्हणाली, मागच्या खेपेला सहज बोलले आणि लेकीचं जमलं. झालं. मंगळवारी रांग लागायला लागली. आमच्याच गावच्या बायका, ज्यांनी त्या देवळाला रंग मारताना डोळ्यांनी पाहिलं होतं, त्या तेल घेऊन यायला लागल्या. नाव पडलं, शूटिंगचा म्हसोबा. जागा माझी म्हणून झाडायचं काम माझ्याकडे आलं. देव खोटा असला तरी केर खरा असतो.

उन्हाळा सरता सरता सेटच्या पलीकडचं मोकळं रान नांगरायला काढलं. सकाळी जाऊन बघते तर भावजींनी औत धरलं होतं आणि बांध होता तिथून नांगराचा तास घातला होता. मला तो तास आत आलेला दिसला.

"भावजी, तास आमच्यात आलाय."

त्यांनी बैल थांबवले. "न्हाई वैनी. बांध हितंच हुता. त्या बाभळीच्या सरळीत."

"बाभळ तुमची, सरळ बी तुमचीच. दगड दावा."

"दगड मला बी घावंना."

"घावंना, का घावू द्यायचा न्हाई?"

ते माझ्याकडे बघत राहिले. भावजी मुळात कमी बोलणारे. मग त्यांनी बैलांना हाक दिली आणि पुढे गेले. उत्तर नाही म्हणजे मनात काळंबेरं आहे, असा माझा हिशेब.

शनिवारी हे घरी आले. मी सगळं सांगितलं.

"हातभर रानात तू काय वाडा बांधनार हायस?" हे म्हणाले.

"हातभराचं न्हाई. दगड काय पायानं चालत गेला?"

"जेसीबीनं गाडला आसंल."

"मग जेसीबीजवळ हुबं कोन हुतं?"

ह्यांनी पेपर उघडला. मोजणीचा अर्ज दिला होता, पण मोजणीवाले कधी येणार ते मोजणीवाल्यांनाच ठाऊक. मला ते हातभर झोंबलंच होतं, खोटं कशाला बोलू. आज हातभर गेलं की उद्या विहिरीच्या काठाला येणार. नवरा बाहेरगावी असलेल्या बाईचं रान सगळ्यांनाच ऐसपैस वाटतं.

शेवटी मी नाना पिसाळांकडे गेले. नाना गावातले जाणते, भैरवनाथाच्या पालखीची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. त्यांनी भावजींना बोलावून घेतलं आणि म्हणाले, "कज्जे करू नगा. देवापुढं सोडवा."

भावजी लगेच उठले. "चला, नाथाच्या देवळात चला."

"नाथाच्या न्हाई," मी म्हणाले.

कारण पालखीची पुढची दांडी भावजींच्या खांद्यावर असायची. त्यांच्या वडलांपासूनचा तो मान. ज्या देवाला दर दसऱ्याला खांद्यावर घ्यायचं, त्याच्यापुढे शपथ ती कसली? ओळखीचा देव सांभाळून घेतो.

"रानातला वाद, रानातल्या देवापुढं. म्हसोबावर हात ठिवा."

तिथे बसलेले दोघं-चौघं हसले. "आगं, त्यो शिनेमातला द्येव," एकजण म्हणाला.

"मग तुमची बायकू दर मंगळवारी त्याला त्याल कशाला घालती?"

भावजी म्हणाले, "मला चालंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही देवळापुढे जमलो. निम्मं गाव आलं होतं. पुण्याच्या एका गाडीतून उतरलेल्या दोन बायका हा सिनेमातलाच काही प्रसंग आहे असं समजून फोटो काढत होत्या. कलावती नारळाच्या पाटीपाशी उभी होती, पदर दातात धरून.

नानांनी शपथेचे तीन तुकडे केले होते. ते एक सांगणार, भावजींनी तसंच म्हणायचं. भावजी पायातलं काढून आत गेले, वाकले आणि त्यांनी देवाच्या डोक्यावर पंजा ठेवला. बोटं पलीकडे, देवाच्या पाठीवर गेली.

"दगड म्या हलवला न्हाई," नाना म्हणाले.

"दगड म्या हलवला न्हाई."

"हलवाय कुनाला सांगितला न्हाई."

"हलवाय कुनाला सांगितला न्हाई."

"आन दगड कुटं हाय त्ये मला ठावं न्हाई."

भावजींची बोटं देवाच्या पाठीवर जराशी हलली. मग त्यांनी मान वळवली आणि नानांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"म्हन की रघू," नाना म्हणाले.

भावजींनी हात काढून घेतला. पंजा शेंदराने लाल झाला होता. "दोन म्हनलो. तिसरं म्हननार न्हाई."

"म्हंजी? दगड कुटं हाय ते तुला ठावं हाय?"

"तिसरं म्हननार न्हाई, नाना."

मला आनंद झाला. चोर सापडल्याचा जो होतो, तोच. मी सगळ्यांकडे बघून म्हणाले, "बघा, जीभ अडली." कलावती नवऱ्याकडे बघत होती. तिने पाटी उचलली, डोक्यावर घेतली आणि घरी गेली.

त्यानंतर दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. कलावती आता वेशीच्या पलीकडे बसायची, माझ्याकडे पाठ करून. आधी पीठ-मीठ कमी पडलं तर हाक मारून मागायचो, आता मी गावात जाऊन आणायची. भावजी पारावरून निघाले की कुणीतरी हटकायचं, "दगूड घावला का, रघूअण्णा?" ते मान खाली घालून जायचे. आणि श्रावणात नानांनी निरोप धाडला, औंदा दसऱ्याला पालखीची दांडी दुसरं कुणीतरी धरेल. तो निरोप ऐकून भावजी दोन दिवस जेवले नाहीत, असं शेजारणीने मला सांगितलं. मी म्हणाले, करावं तसं भरावं.

तरीपण माझं समाधान झालं नव्हतं. दगड कुठे आहे ते ठाऊक असलेल्या माणसाने काहीतरी करायला हवं होतं. भावजी काहीच करत नव्हते. तास होता तिथेच होता, बोटभर पुढे आला नाही. चोरी करायची आणि चोरलेला माल वापरायचा नाही, असा चोर मी ऐकला नव्हता. म्हणून मी आणखी डोळ्यांत तेल घालून बसले.

त्या वर्षी भाद्रपदात पावसाने झोडपलं. दुकानांची प्लायवूडं फुगली, वेशीवर रंगवलेले वाघ सोलून निघाले, देवळाच्या कळसाला भोक पडून पाण्याची धार बरोबर देवाच्या पाठीमागे पडायला लागली. पर्यटकही थांबले होते. एका सकाळी झाडायला गेले तर देवाच्या मागे शेंदराची जाड खपली गळून पडलेली. करपलेल्या भाकरीचा पापुद्रा निघावा तशी. ती काढायला मी हात मागे घातला आणि बोटं एका खाचेत गेली.

गुळगुळीत, मधे खोल, कडेला उथळ. डोळ्यांनी बघायची गरजच नव्हती. लग्न होऊन आल्यापासून मी त्या खाचेत विळे घासले होते.

मी तिथेच, ओल्यात, बसले. फायबरचा देव फुटला तेव्हा त्या लोकांनी जुना, झिजलेला दिसणारा दगड शोधला असणार, आणि सपाट केलेल्या बांधावर तो आयताच पडलेला. वर्षभर मी ज्या दगडासाठी आकाशपाताळ एक केलं, त्याच्याच भोवती रोज केरसुणी फिरवत होते.

पण हे सगळं मागून सुचलं. खाच हाताला लागली तेव्हा पहिला विचार काय आला सांगू? भावजींनीच दगड इथे आणून बसवला, हद्द इथवर दाखवून विहीर गिळायला. तो विचार मनात आला आणि लगेच मला देवाच्या पाठीवर हललेली त्यांची बोटं आठवली.

मी तशीच उठून त्यांच्या रानात गेले. भावजी बांधाकडेला गवत कापत होते. मला बघून त्यांनी विळा थांबवला नाही.

"भावजी, खाच घावली."

त्यांनी एक पेंढी बांधली, बाजूला टाकली. "पाऊस लई झाला औंदा. कवच उतरायचंच."

"तवाच का बोलला न्हाई?"

"शेंदराखालनं बी खाच हाताला लागली, पर काय बोलायचं हुतं? दगड तुमच्या रानात, तुमच्या विहिरीपाशी. म्या म्हनलो असतो ह्योच आपल्या हद्दीचा दगड, तर तुमी काय म्हनला असता?"

उत्तर मला पाठ होतं. सकाळीच मनात येऊन गेलं होतं. "म्हनले असते, भावजींनीच सरकवला."

"मग?"

"मला एकटीला सांगायचं."

ते हसले. रागाने नाही, पण मला ते हसू फार लागलं. मी कधी कुणाचं ऐकून घेतलं होतं, की त्यांचं घेणार होते?

"मग तिसरं म्हनून मोकळं व्हायचं. कुनाला कळनार हुतं?"

"हात त्याच्यावरच हुता की, वैनी."

एवढं बोलून ते पुन्हा गवताला लागले. मी उभीच. विळा बोथट झाला होता, दोनदा ओढावा लागत होता.

"मी आज सांगते गावाला."

"नगा सांगू. लोकं नवस बोलत्यात. कलावतीनं बी बोललाय, आमच्या सुनंसाठी. दगडाचा द्येव झाला, आता द्येवाचा दगूड कोन करंल? आन सांगून लोकं म्हननार काय, तर वैनीला पटवलं."

"आन पालखी?"

त्यांचा विळा थांबला. "पालखी काय. कुनाच्या बी खांद्यावरनं जाती," ते म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

घरी येऊन मी रडले. चुलीपुढे बसून, धुराचं निमित्त करून. मग तीन-चार दिवस हाच विचार. दगड दाखवावा तर देव जातो, आणि भावजींवरचा डागही जात नाही, उलट पक्का होतो. गप्प बसावं तर दसऱ्याला त्या माणसाने पालखीमागे मान खाली घालून चालायचं. ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "तू घातलास घोळ, तूच निस्तर."

दसऱ्याला आमच्याकडे पालखी शीव ओलांडायला नदीकडे जाते. त्या वर्षी पाहुणे येतात म्हणून ती प्लायवूडच्या वेशीतून म्हसोबापुढे आणायची ठरली होती. ढोल वाजत आले. पुढच्या दांडीला नानांचा पुतण्या होता, त्याला ती पेलत नव्हती. भावजी वेशीच्या मागे, बांबूच्या टेकूंपाशी उभे होते. पालखी टेकवली, आपट्याची पानं वाटायला घेतली, आणि मी देवळात शिरले. देवाच्या डोक्यावर हात ठेवला, बोटं मागे खाचेत घातली.

"आगं, बाईमानसानं म्हसोबाला हात लावू ने," नाना म्हणाले.

"रोज झाडती कोन? मीच की."

ढोल थांबले. मी पुढे म्हणाले,

"रघुनाथ भावजींनी दगड हलवला न्हाई. हलवाय कुनाला सांगितला न्हाई. दगड कुटं हाय त्ये मला ठावं हाय. आन मी त्ये सांगनार न्हाई."

मागून कुणाचा तरी आवाज आला, "म्हंजी हिनंच लपीवला." दुसरा म्हणाला, "तरीच लई वरडत हुती." बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. ह्यांनी मान खाली घातली होती, पण जागचे हलले नाहीत.

"इंदू, मग सांग की कुटं हाय," नाना म्हणाले.

"सांगनार न्हाई नाना. शपथेवर जेवढं सांगायचं तेवढं सांगितलं."

नाना माझ्याकडे, मग देवाकडे, मग वेशीकडे बघत राहिले. त्यांच्या डोक्यात काय आलं ते मला कधीच कळलं नाही. शेवटी त्यांनी पुतण्याला बाजूला केलं आणि हाक मारली, "रघू, ये. दांडी धर."

भावजी गर्दीतून पुढे आले. दांडी धरायच्या आधी ते देवळाच्या दारात थांबले. हातात आपट्याची दोन पानं होती.

"वैनी, हात काढा आता. सोनं घ्या."

मी हात काढला. पंजा लाल झाला होता, त्याच हाताने सोनं घेतलं. कलावती मागे उभी होती. दुसऱ्या दिवशी तिची पाटी पुन्हा देवळापुढे आली.

तेव्हापासून गाव माझ्यावर संशय घेतं. मोजणीवाले आले, हद्द भावजींच्या तासावरच निघाली, त्यांनी आपला सरकारी दगड रोवला. तरी माझ्याबद्दलचं बोलणं थांबलं नाही. मी कुणाच्या बांधावरून चालले की मालक लांबून बघत राहतो. नव्या सुनांना सांगतात, त्या इंदूबाईंपासून जपून, हद्दीचा दगड गिळून ढेकर न देणारी बाई ती. पुढे वेस पडली, बुरूज वाऱ्याने गेला, फोटोवाले दुसऱ्या कुठल्या सेटकडे वळले. म्हसोबा राहिला. लोकांनी त्याच्यावर पत्र्याची शेड केली आणि अजून मंगळवारी तेल येतं. नाना गेले, आमचे हे गेले, म्हणून आज सांगतेय. गावात सांगायची मात्र अजून माझी तयारी नाही.

सुगी लागली की पहाटे, कुणी यायच्या आत, आम्ही देवाच्या पाठीमागे जातो. भावजी त्या अंगाला उकिडवे बसतात, मी या अंगाला. एकाचा विळा घासून झाला की दुसऱ्याने पुढे व्हायचं.